पाण्याचा पीएच ९, टीडीएस (विरघळलेले क्षार) जेमतेम ६० आणि झाडं पिवळी: तपासायला कुठून सुरुवात करायची

नळाचं पाणी काचेसारखं स्वच्छ, भांड्यांवर डाग नाहीत की किटलीत पांढरा थर नाही, आणि तरी कुंडीतली झाडं महिन्या-दीड महिन्यात फिकट पडायला लागतात. मग कोणीतरी पीएच मोजतं, आकडा ९ च्या वर येतो आणि सगळा दोष त्या आकड्यावर जातो. हा प्रकार मी आधी माझ्या झाडांवर आणि मग ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांच्या झाडांवर निस्तरलाय, आणि जवळपास दरवेळी तेच निघालं: माणसं पीएच खाली आणायच्या मागे लागलेली आणि झाड तिकडे कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी उपाशी. रोग एक आणि औषध दुसरंच. म्हणून एकदाचं सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, आधी फुकटच्या तपासण्या, मग स्वस्तातल्या, मग खटाटोपाच्या. वरच्या गाळून एकदम खाली जाऊ नका, बऱ्याचदा उत्तर वरच सापडतं.

लक्षणं

पिवळेपणा नव्या पानांवर आहे की जुन्या, हे सगळ्यात आधी बघा. झाडाला नायट्रोजन आणि मॅग्नेशियम जुन्या पानातून काढून नव्या पानाला देता येतं, पण कॅल्शियम आणि लोह एकदा पानात बसलं की तिथून जवळजवळ हलत नाही. त्यामुळे काय कमी पडतंय हे पानाच्या जागेवरूनच बरंचसं कळतं.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार, म्हणजे पानावर हिरवी जाळी काढल्यासारखं दिसत असेल तर लोह मिळत नाहीये. खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक, तर मॅग्नेशियम. नवी पानं वाकडी, चुरगळलेली, कडा करपलेल्या, शेंडा वाढायचा थांबलेला, टोमॅटो-मिरचीच्या फळाचं बूड काळं पडून आत दबलेलं, तर कॅल्शियम. आणि खालचं पान शिरांसकट अख्खं एकसारखं पिवळं होऊन गळत असेल तर तो नायट्रोजन, तिथे पाण्याचा काही संबंध नाही, खत कमी पडतंय.

अजून काही खुणा: कुंडीच्या कडेला पांढरे क्षार अजिबात नाहीत, साबणाला भरपूर फेस येतो आणि हात कितीही धुतले तरी बुळबुळीत वाटतात, मातीचा वरचा थर पापडीसारखा बसतो आणि पाणी आत जायच्या ऐवजी वर थांबून राहतं. यातल्या दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा. उलट कुंडीवर पांढरे थर चढत असतील, नळाच्या तोटीवर खडे जमत असतील तर तुमचं पाणी जड आहे, तो प्रॉब्लेम वेगळा आणि त्याचे उपायही वेगळे.

पीएच आणि अल्कलिनिटी, यातच सगळी गफलत आहे

तपासण्यांच्या आधी हे समजून घ्या, नाहीतर खालचं काहीच पटणार नाही. पीएच म्हणजे सामू, पाणी या क्षणी किती आम्ल किंवा किती अल्कलाइन आहे त्याचा आकडा. अल्कलिनिटी म्हणजे ते पाणी किती आम्ल पचवू शकतं, म्हणजे त्यात बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा किती आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुंडीतल्या मातीचा पीएच वर ढकलायचं काम हा साठा करतो, आकडा नाही.

हिशोबच सांगते. पीएच ९ च्या पाण्यात मोकळा हायड्रॉक्साइड असतो लिटरला ०.०१ मिलीइक्विव्हॅलंट (आम्ल पचवायची ताकद मोजायचं एकक). आणि अल्कलिनिटी २५० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) असलेल्या पाण्यात बायकार्बोनेट असतं लिटरला ५ मिलीइक्विव्हॅलंट, मग त्या पाण्याचा पीएच अगदी ७.६ का असेना. म्हणजे ५०० पट फरक. ७.६ वालं पाणी दिसायला सभ्य, पण वर्षभर घातलं तर मातीचा पीएच तेच चढवणार. आणि आपलं ९ वालं पाणी, ज्याची अल्कलिनिटी २०-३० पीपीएम आहे, ते कुंडीत गेल्यावर मातीसमोर काही मिनिटंसुद्धा टिकत नाही.

मग पीएच इतका वर येतो कसा? मुळात क्षार कमी असलेलं मऊ पाणी पाइप खातं, तांबं आणि शिसं विरघळवून घेतं, म्हणून पाणीपुरवठा करणारे त्यात चुना, सोडा ॲश किंवा कॉस्टिक सोडा थोडासा घालून पीएच मुद्दाम वर नेतात. पाण्यात साठा नसल्याने थोडक्या डोसमध्येच आकडा ९ वर जातो. हे पाण्याचं दूषण नाही, पाइपची काळजी आहे.

तपासणी १: मुळं आणि पाणी घालायची पद्धत

एक पैसा लागत नाही. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट हळूच बाहेर काढा. मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असतील तर ठीक. काळपट, मऊ, चिमटीत धरल्यावर साल निसटून आतला दोरा हातात येतोय आणि कुजकट वास येतोय, तर मुळं सडलीयत. सडलेली मुळं काहीच उचलू शकत नाहीत, मग पान अगदी लोह कमी पडल्यासारखंच दिसतं आणि तुम्ही खतावर खत ओतत बसता. आधी निचरा सुधारा, पाणी कमी करा, बाकी सगळं नंतर.

दुसरं, कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं. एक दिवस माती कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं चालू असेल तर मातीत कॅल्शियम असूनसुद्धा टोमॅटोचं बूड काळं पडतं. दोन आठवडे पाणी नियमित करून बघा. नव्या फळांना तो डाग नसेल तर विषय तिथेच मिटला.

तपासणी २: पाणी नक्की कुठून येतंय

हा प्रश्न मी हल्ली सगळ्यात आधी विचारते. झाडांना जातं ते पाणी नळातून थेट येतं, टाकीतून येतं, सॉफ्टनरमधून येतं की आरओमधून? एकाच घरात चारही असू शकतात.

सॉफ्टनर असेल तर सावध. सॉफ्टनरमधली रेझिन पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. बायकार्बोनेट तसंच राहतं. म्हणजे पाणी अल्कलाइन तर राहिलंच, झाडाला हवं ते गेलं आणि नको ते आलं. वर आपण ज्या निरुपद्रवी मऊ पाण्याबद्दल बोललो ते हे नव्हे, हे झाडाला खरोखर घातक पाणी आहे. यावर उपाय एकच, सॉफ्टनरच्या आधीच्या जोडणीवरून बागेला पाणी घ्यायचं. बऱ्याच घरांत बाहेरचा एखादा नळ आधीपासूनच तिथून असतो, फक्त कोणाच्या लक्षात नसतं.

टाकी असेल तर सिमेंटची आहे का आणि नवी आहे का ते बघा. नव्या काँक्रीटमधून चुना सुटत राहतो आणि मऊ पाणी तो पटकन ओढून घेतं, कारण त्याच्यात स्वतःचं काही नसतं. एकाकडे नळाचा पीएच ८.४ आणि टाकीतून आल्यावर १०.३ निघाला होता, टाकी नवीकोरी होती. टाकी तीन-चार वेळा भरून रिकामी केल्यावर आकडा उतरत गेला. नव्या सिमेंटच्या कुंड्यांचंही तेच, लावायच्या आधी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा आणि मधेमधे पाणी बदला.

तपासणी ३: रात्रभर उघडी बादली

बादलीभर पाणी रात्रभर उघडं ठेवा, एक-दोनदा ढवळा आणि सकाळी परत पीएच मोजा. कमी अल्कलिनिटीचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याचा पीएच आपोआप खाली येतो. अल्कलिनिटी ३० पीपीएम असलेलं पाणी हवेशी पूर्ण जुळलं की साधारण ८ वर स्थिरावतं. ९.२ चं ८.३ झालं तर समजा की त्या ९.२ ला काही वजन नव्हतं. आकडा जागचा हललाच नाही किंवा उलट थोडा वर गेला तर पाण्यात बायकार्बोनेटचा मोठा साठा असायची शक्यता आहे, मग तपासणी ५ चुकवू नका.

यात एक फायदा फुकटचा होतो, क्लोरीन उडून जातं. पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असेल तर मात्र ते असं उडत नाही.

तपासणी ४: टीडीएस मीटर

पेनसारखा साधा मीटर. हा खरं तर पाण्याची वीज वाहायची क्षमता, म्हणजे ईसी मोजतो आणि ०.५ किंवा ०.७ ने गुणून पीपीएम दाखवतो, म्हणून दोन मीटरचे आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका.

आकडा १०० च्या खाली असेल तर पाण्यात क्षारच नाहीत, तुमचा पीएच कितीही असो, तुम्ही मऊ पाणीवाले. ३०० च्या वर आहे पण साबणाला भरपूर फेस येतोय आणि थर कुठेच जमत नाहीये, तर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट असायची दाट शक्यता, म्हणजे सॉफ्टनर किंवा तशा जातीचं भूजल. एवढ्या एका आकड्यावर तुमची वाट ठरते म्हणून हा मीटर पीएच मीटरच्या आधी घ्या असंच मी सांगते.

पीएच मीटरबद्दल इथेच सांगून टाकते. क्षार कमी असलेल्या पाण्यात पीएच मीटर नीट चालत नाही. आकडा स्थिर व्हायला पाच-पाच मिनिटं घेतो, हलत राहतो, ढवळलं की बदलतो. मीटर बिघडलेला नाही, पाण्यात आयनच कमी आहेत म्हणून इलेक्ट्रोडला पकड मिळत नाही. मोजायच्या आधी बफरने, म्हणजे पीएच माहीत असलेल्या द्रावणाने, कॅलिब्रेट करा, वाट बघा, आणि ८.८ की ९.१ यावर जीव जाळू नका. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून देऊ नका, खराब होतो, त्याच्या स्टोरेज सोल्युशनमध्येच ठेवा. कागदी पट्ट्या तर अशा पाण्यात भलतंच काहीतरी दाखवतात.

तपासणी ५: केएच आणि जीएच किट

मासे पाळणाऱ्यांकडे असतं ते थेंबांचं किट. केएच म्हणजे अल्कलिनिटी, जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून. बहुतेक किटमध्ये ५ मिली पाणी घ्यायचं आणि थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक डिग्री, एक डिग्री म्हणजे १७.९ पीपीएम. तुमच्या किटची माहिती तेवढी वाचून घ्या.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पीएच ९.१ बघून मनाची तयारी केली होती की दहा-बारा थेंब तरी लागतील. पहिला थेंब टाकला, पाणी निळं झालं. दुसरा टाकून नळी हलवली आणि पाणी पिवळं. दोन थेंबांत खेळ संपला, म्हणजे अल्कलिनिटी ३६ पीपीएमच्या आत. मग जीएच, तिथे पहिल्याच थेंबाला रंग बदलला, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याच पाण्याच्या दहा लिटरच्या बादलीत चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम, सायट्रिक ॲसिड घातलं होतं, आणि मोजल्यावर पीएच ३.२ आला होता. ते पाणी जास्वंदाच्या दोन कुंड्यांना जाऊन चुकलं होतं. त्याचं कारण मला त्या दोन थेंबांत कळलं. पाण्यात आम्ल पचवायला काही नव्हतंच, म्हणून आकडा दगडासारखा खाली गेला.

निकाल असा वाचा. केएच ४ च्या आत आणि जीएच ४ च्या आत: क्षार भरायचे, ॲसिडला हात लावायचा नाही. केएच ७-८ च्या वर आणि जीएच कमी: सोडियमचं पाणी, आधी तपासणी २ कडे परत जा. केएच आणि जीएच दोन्ही जास्त: जड पाणी, ही पोस्ट तुमच्यासाठी नाही.

तपासणी ६: कुंडीतून निथळलेलं पाणी

नळाचा पीएच मोजून कुंडीचा पीएच कळत नाही. झाडाची मुळं कुंडीत आहेत, नळात नाहीत, म्हणून ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कुंडीला नेहमीसारखं भरपूर पाणी घाला. अर्धा ते एक तास थांबा, सगळं निथळू द्या. मग खाली स्वच्छ बशी ठेवून वरून १०० मिली डिस्टिल्ड वॉटर सगळीकडे सारखं ओता. मध्यम कुंडीला एवढं पुरतं, मोठीला थोडं जास्त. बशीत ५० मिलीच्या आसपास पाणी येईल त्याचा पीएच आणि ईसी मोजा. वरून ओतलेलं पाणी आतलं मुळांजवळचं पाणी खाली ढकलतं, म्हणून बशीत येतं ते मुळांच्या अवतीभवतीचं.

५.८ ते ६.४ आला तर छान. ६.८ च्या वर असेल तर लोह अडकणार. ५.४ च्या खाली गेला असेल तर तिकडेही गडबड आहे, आणि मऊ पाणीवाल्यांकडे हाच प्रकार जास्त दिसतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही. नळ ९, कुंडी ५! कारण १९:१९:१९ सारख्या खतात बराचसा नायट्रोजन युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो, तो मुळांजवळ आम्ल तयार करतो, आणि पाण्यात ते आम्ल पचवायला अल्कलिनिटी नाही. महिन्यागणिक माती आंबट होत जाते. अशा वेळी झेंडूच्या जुन्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येतात, ते लोह आणि मँगनीज जास्त झाल्याचे. आणि वरून माणूस पीएच उतरवायला ॲसिड घालत असतो.

आता उपाय, क्रम पाळून

पहिला उपाय क्षार परत भरणं. बहुतेक वॉटर सोल्युबल मिश्रखतांत कॅल्शियम नसतंच, कारण फॉस्फेट आणि सल्फेटबरोबर ते गोठून खाली बसतं. जड पाणीवाल्यांना ते नळातून मिळतं, आपल्याला नाही. म्हणून बाकी सगळं बरोबर करूनही झाडं रडतात.

दहा लिटर पाण्याला ३ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलं की कॅल्शियम ५५-६० पीपीएम होतं आणि सोबत नायट्रोजन ४५ च्या आसपास येतो, तेवढं बाकीचं खत कमी करा. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, दहा लिटरला २ ग्रॅम, त्यातून २० पीपीएम मॅग्नेशियम येतं. चमच्याने अंदाज करू नका, छोटा वजनकाटा वापरा. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून चिकट होतं, झाकण घट्ट लावा.

दोन्हींची घट्ट द्रावणं एकत्र करू नका, कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्समचा पांढरा गाळ होतो, फॉस्फेटवाल्या खताबरोबरही तसाच. मी पाळी लावून घेतलीय, एका पाण्याला कॅल्शियम नायट्रेट, पुढच्या पाण्याला मिश्रखत आणि एप्सम. लक्षात ठेवायला सोपं जातं. शिवाय कॅल्शियम नायट्रेटमधला नायट्रेट मुळांजवळचा पीएच जरा वर नेतो, मिश्रखतातला अमोनियम खाली आणतो, दोघांचं जमून जातं.

कोकोपीट वापरत असाल तर हे दुप्पट लागू. कोकोपीट स्वतःच पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम-सोडियम सोडतं. वर पाण्यात क्षार नाहीत म्हटल्यावर रोपाच्या वाट्याला काही उरतच नाही. लावायच्या आधी कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून निथळून घ्या. माझी मिरचीची रोपं तिसऱ्या-चौथ्या पानाला चुरगळायची ती या एका गोष्टीने थांबली.

निथळलेल्या पाण्याचा पीएच कमी आला असेल तर डोलोमाइटची पूड मातीत थोडी मिसळा, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही आहे आणि पीएच सावकाश वर येतो. पीएच बरोबर आहे पण कॅल्शियम कमी, तर जिप्सम, त्याने पीएच हलत नाही. हा फरक विसरू नका. पीएच ६.८ असलेल्या कुंडीत डोलोमाइट घालून लोक लोहाची अडचण आणखी वाढवून ठेवतात.

वाफ्यातल्या मातीवर पापडी धरत असेल तरी जिप्समच. जवळजवळ क्षारच नसलेलं पाणी चिकणमातीचे कण सुटे करतं, ते छिद्रांत जाऊन बसतात आणि पाणी मुरणं थांबतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या सिंचनाच्या निकषांत ०.२ डेसिसायमन्स प्रति मीटरच्या खालच्या ईसीचं पाणी याच कारणासाठी अडचणीचं धरलंय. टीडीएस मीटरवर ते १०० ते १४० च्या आसपास दिसतं.

दुसरा उपाय लोह, पण तो क्षार भरून दोन-तीन आठवडे वाट बघितल्यावर. लोहाचं चिलेट, म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारा पदार्थ, कुठलं आहे ते पाकिटावर वाचा. ईडीटीए साडेसहाच्या पुढे मातीत टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत चालतं, ईडीडीएचए ९ पर्यंतसुद्धा टिकतं आणि पाण्यात वाइनसारखा गडद लाल रंग देतं. मातीचा पीएच जास्त असताना ईडीटीए ओतणं किंवा साधं फेरस सल्फेट टाकणं म्हणजे ते लोह तिथल्या तिथे गोठवणं.

तिसरा आणि शेवटचा उपाय ॲसिड. हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर वाढवलेली झाडं), बी-रोपं किंवा ब्लूबेरी, अझेलियासारखी आम्ल माती मागणारी झाडं असतील तरच, किंवा अल्कलिनिटी खरोखर जास्त असेल तर. ३०-४० पीपीएम अल्कलिनिटीच्या दहा लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम सायट्रिक ॲसिड भरपूर झालं, तेही आधी कपभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला आणि मोजत जा. आणि हे खत घातल्यानंतर करायचं, आधी नाही, कारण खतानेच पीएच बराच उतरतो आणि बहुतेक वेळा ॲसिडची गरजच उरत नाही. हायड्रोपोनिक्समध्ये सायट्रिक टिकत नाही, जिवाणू ते खाऊन टाकतात आणि पीएच परत चढतो, तिथे फॉस्फोरिक वापरतात. आणि तिथे पीएच रोज वरखाली नाचत असेल तर पाण्यात बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा साठा, कमी आहे असं समजा, थोडंसं पोटॅशियम बायकार्बोनेट घातलं की आकडा स्थिरावतो. अल्कलाइन पाण्यात परत बायकार्बोनेट, ऐकायला उलटं वाटतं, पण तुमच्याकडे कमी आहे ते नेमकं हेच.

ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, ॲसिडवर पाणी ओतायचं नाही. ब्लीचचा डबा जवळ नको, दोन्ही मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

फरक दिसायला किती दिवस

पिवळं पडलेलं जुनं पान परत हिरवं होईल याची वाट बघू नका, करपलेली कड तर कधीच भरून येत नाही. उपाय केल्यानंतर उगवलेलं पान बघा. मी एका फांदीला दोरा बांधून ठेवते, दोऱ्याच्या वर आलेली पानं नंतरची. तिसऱ्या आठवड्यात वरची पानं हिरवी आणि सरळ दिसली की दिशा बरोबर आहे. एका वेळी एकच बदल करा, तीन गोष्टी एकदम केल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. त्या दोन जास्वंदांपैकी एक वाचलं. कुंडीतून साधं पाणी भरपूर वाहू दिलं, मग कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि पाचव्या आठवड्यात पहिलं रुंद हिरवं पान आलं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नळाचा पीएच १० च्या वर येतोय आणि टाकी नवी नाही, किंवा पाण्याचा रंग, वास, चव अचानक बदललीय, तर हा बागेचा प्रश्न राहिला नाही. पाणीपुरवठा करणाऱ्यांना कळवा, आणि उत्तर येईपर्यंत ते पाणी पिऊ नका.

सॉफ्टनरच्या आधीचा नळ नसेल तर पाइप स्वतः कापू नका, ते प्लंबरचं काम.

टीडीएस जास्त, केएच जास्त, जीएच कमी आणि सॉफ्टनरही नाही, म्हणजे भूजलच तसं आहे. मग घरगुती किट सोडा आणि माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. रिपोर्टमध्ये आरएससी, म्हणजे रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट बघा. लिटरला १.२५ मिलीइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर चालतं, १.२५ ते २.५ मधे काळजी घ्यावी लागते, २.५ च्या वर ते पाणी सिंचनाला योग्य नाही. तिथे जिप्सम किती, कसं, की पाणीच बदलायचं, हे रिपोर्ट हातात घेऊन कृषितज्ज्ञाने ठरवायचं. वाफ्याहून मोठी जमीन किंवा फळझाडं असतील तर मी म्हणेन पहिल्यापासूनच प्रयोगशाळा, अंदाजाने एवढी जागा बिघडवू नका.

सल्फ्युरिक किंवा नायट्रिक ॲसिड घरी हाताळायचा विचार मनात आला तरी थांबा. तेवढं ॲसिड लागतंय याचा अर्थ पाण्याची अल्कलिनिटी खूप आहे आणि त्यासाठी नीट डोसिंगची यंत्रणा लागते, ती बसवणारी माणसं वेगळी असतात.

आणि माती ओली असताना झाड माना टाकतंय, खोड जमिनीजवळ मऊ लागतंय, तर पाण्याचे आकडे बाजूला ठेवा. ती मूळसड आहे. निरोगी फांदी असेल तर आत्ताच कापून कलम लावून घ्या आणि कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब नेऊन ठेवा.